दुपारी तीन वाजेपर्यंत

निवडणुकीत सगळ्यात जड वस्तू कुठली, असं विचारलं तर लोक नोटांची बॅग सांगतील. चूक. एबी फॉर्म. दोन साधे कागद. ‘ए’मध्ये लिहायचं की पक्षातर्फे सही करण्याचा अधिकार अमक्याला आहे; ‘बी’मध्ये त्या अमक्यानं लिहायचं की आमचा उमेदवार तमका. 1968 च्या निवडणूक चिन्हांच्या आदेशानुसार हे दोन्ही कागद अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर हवेत. सही पेनानं केलेलीच पाहिजे. रबरी शिक्का चालत नाही, छापील सही चालत नाही.

म्हणजे शाई खरी आहे की नाही याबाबत कायदा कमालीचा दक्ष आहे. तमक्याला कुणी निवडलं, कुठे बसून निवडलं, किती जणांनी निवडलं, हे विचारायला मात्र तो जात नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 29-अ खाली पक्षाची नोंदणी करताना लोकशाहीवर निष्ठा असल्याचं लिहून द्यावं लागतं. ती निष्ठा पक्षाच्या कार्यालयात दाखवावी लागेल, अशी अट नाही. विधी आयोगानं 1999 मध्ये 170 व्या अहवालात ‘पक्षांतही लोकशाही असू द्या’ असं सुचवून पाहिलं. तो अहवाल कपाटात आहे. कपाटाला कुलूप नाही, चोरणार कोण?

2026 च्या महापालिका निवडणुकीत पुण्यात एका इच्छुकानं आपल्याच पक्षातल्या दुसऱ्याचा एबी फॉर्म फाडून गिळल्याचा आरोप झाला. खरं-खोटं पोलीस बघतील. आम्हाला त्या आरोपात अशक्य असं काही वाटलं नाही. पाच वर्षांची पुण्याई ज्या एका कागदावर ठरते, तो कागद तिजोरीपेक्षा पोटात सुरक्षित.

आता अधूनमधून एक सुशिक्षित प्रश्न निघतो: अमेरिकेत पक्ष जशा प्रायमरी घेतात, तशा आपल्याकडे घ्यायला नकोत का? पक्षातल्या लोकांनीच आधी आपसांत मतदान करून उमेदवार ठरवला तर तगडा माणूस पुढे येणार नाही का? प्रश्न चांगला आहे. चांगला असल्यामुळेच तो आमच्या देहूरोडच्या पुलाखालच्या चहाच्या टपरीवर कुणी विचारत नाही. तिथला प्रश्न एकच असतो, ‘फॉर्म कुणाला?’

पक्षांना विचाराल तर ते दुखावतात. प्रक्रिया नाही असं म्हणताच कसं? अर्ज मागवतो, त्याचे पैसे घेतो. मुलाखती घेतो. मुलाखतीला इच्छुक दोनशे माणसं आणि एक ढोलपथक घेऊन येतो. आत चार मिनिटं बसतो, बाहेर येऊन ‘सकारात्मक चर्चा झाली’ म्हणतो. मग सर्व्हे. हा सर्व्हे कुणी केला, कुणाला विचारला, आकडे काय आले, हे आजवर एकाही देहूरोडकरानं पाहिलेलं नाही. पण पत्ता कट झालेल्या प्रत्येकाला ‘सर्व्हेत तुमचं नाव मागे आहे’ हे मात्र न चुकता कळवलं जातं. 2024 च्या विधानसभेआधी भाजपनं एक पाऊल पुढे टाकलं. पदाधिकाऱ्यांना बोलावून बंद लिफाफ्यात पसंतीची तीन-तीन नावं लिहून घेतली. लिफाफे चिकटवताना सगळ्यांनी पाहिले. आत काय निघालं, कुणाला किती पसंती मिळाली, ते जाहीर झालं नाही. गुप्त मतदान आम्हाला ठाऊक होतं. गुप्त निकाल ही नवी सोय.

आता आमच्या मावळाकडे या. देहूरोड कॅन्टोन्मेंट विधानसभेला मावळात मोडतं. आजूबाजूला पिंपरी-चिंचवडची गर्दी असली तरी आमदार निवडायला आम्ही तळेगाव-लोणावळ्याच्या पंगतीत. 1995 पासून मावळ हा भाजपचा गड. 2009 आणि 2014 ला संजय ऊर्फ बाळा भेगडे निवडून आले, राज्यमंत्रीही झाले. 2019 ला भाजपचेच तळेगावचे नगरसेवक सुनील शेळके यांनी उमेदवारी मागितली. पक्षानं नाही म्हटलं. विद्यमान मंत्र्याला सोडून नगरसेवकाला कोण देतो? शेळके उठले, राष्ट्रवादीत गेले, तिकडचा फॉर्म घेतला आणि नव्वद हजारांहून अधिक मतांनी भेगड्यांना पाडलं.

नव्वद हजार! एवढ्या मतांचा फरक पक्षाच्या सर्व्हेला दिसला नाही? की दिसला आणि लिफाफ्यात राहिला? भाजपनं त्या उन्हाळ्यात मावळातल्या आपल्या सदस्यांसाठी एक साधी मतपेटी ठेवली असती, तर काय झालं असतं? कदाचित शेळके जिंकले असते आणि गड राहिला असता. कदाचित भेगडे जिंकले असते आणि शेळके तरीही गेले असते. या दुसऱ्या ‘कदाचित’कडे परत यायचं आहे, ते विसरू नका.

2024 ला तर मावळात गंमतच झाली. महायुतीत जागा राष्ट्रवादीकडे, म्हणजे शेळक्यांकडे. मग राष्ट्रवादीतलेच बापूसाहेब भेगडे बाहेर पडून अपक्ष उभे राहिले. 2009 ला ते राष्ट्रवादीकडून बाळा भेगड्यांविरुद्ध हरलेले. आता तेच बाळा भेगडे भाजपमध्ये राहून उघडपणे बापूंच्या मागे. महाविकास आघाडीनं आपला उमेदवारच दिला नाही, तिनंही बापूंना पाठिंबा दिला. या सगळ्याला ‘मावळ पॅटर्न’ असं भारदस्त नाव मिळालं. तालुक्यातल्या जवळजवळ सगळ्या पुढाऱ्यांनी एकमतानं उमेदवार निवडल्याचं उदाहरण राज्यात दुसरं सापडणार नाही. शेळके एक लाखाहून अधिक मतांनी आले.

पुढाऱ्यांचं एकमत आणि लोकांचं मत यांत लाखाचं अंतर! उमेदवार निवडीची आजची पद्धत बरोबर आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा आकडा फ्रेम करून कार्यालयात लावावा.

रेल्वेरुळापलीकडे पिंपरी-चिंचवडमध्ये तर हा रिवाजच आहे. 2009 ला चिंचवडमधून लक्ष्मण जगताप आणि भोसरीतून विलास लांडे, दोघेही राष्ट्रवादीच्या मुशीतले, दोघेही अपक्ष, दोघेही विजयी. 2014 ला भोसरीत पुन्हा तेच, या वेळी महेश लांडगे अपक्ष. जगतापांनी 2014 च्या एप्रिल महिन्यात शेकापकडून मावळची लोकसभा लढवली, हरले, आणि ऑक्टोबरात भाजपकडून विधानसभा जिंकली. पिंपरीत 2019 ला राष्ट्रवादीनं आधी सुलक्षणा शीलवंत-धर यांचं नाव जाहीर केलं, फॉर्म शेवटी पोचला अण्णा बनसोड्यांच्या हाती. ते जिंकले. पुढे पक्षाचे दोन तुकडे झाल्यावर 2024 ला हे दोघे समोरासमोर आले आणि बनसोडे पुन्हा जिंकले. म्हणजे जो सामना पक्षाच्या आत आधीच व्हायला हवा होता, तो पाच वर्षं उशिरा सरकारी खर्चानं झाला.

चिंचवडमध्ये मात्र प्रायमरी झाली, पण घरातल्या घरात. लक्ष्मण जगतापांच्या निधनानंतर 2023 च्या पोटनिवडणुकीत भाजपनं पत्नी अश्विनी जगताप यांना उभं केलं, 2024 ला बंधू शंकर जगताप यांना. शहरात पक्षाचे कार्यकर्ते किती, हे पक्षाच्या वेबसाइटवर असेल. त्यांतल्या किती जणांचा विचार झाला, हे त्या घराच्या दिवाणखान्याला ठाऊक. लोकांनी दोन्ही वेळा निवडून दिलं, हेही खरंच. घराणेशाहीवर बोट ठेवणाऱ्याची पंचाईत होते ती इथे.

तेव्हा आमचं म्हणणं एवढंच की प्रायमरी आपल्याकडे नाही हे साफ खोटं आहे. ती होते. मुख्य निवडणुकीच्याच दिवशी होते, त्याच मतदान यंत्रावर होते, आणि तिचं आपल्या भाषेतलं नाव बंडखोरी. पक्ष जी परीक्षा घ्यायची टाळतो ती मतदार घेतो. बंडखोर पडला तर ‘गद्दार’. जिंकला तर तिसऱ्या दिवशी हार घेऊन तोच पक्ष दारात: ‘आमचेच आहेत, घरवापसी झाली.’

मग रीतसर प्रायमरी घ्यावी? थांबा. महाराष्ट्रात ती एकदा घेऊन झालेली आहे, आणि तिची कथा ऐकण्यासारखी आहे.

2014 च्या लोकसभेआधी राहुल गांधींनी देशभरातल्या पंधरा-सोळा मतदारसंघांत काँग्रेसची प्रायमरी घेतली. महाराष्ट्रातून लातूर आणि वर्धा. मतदार म्हणजे सामान्य सदस्य नव्हेत. पक्षाचे पदाधिकारी आणि लोकप्रतिनिधी. वर्ध्यात एकीकडे तेव्हाचे खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे, दुसरीकडे प्रभा राव यांच्या कन्या चारुलता टोकस. घराणेशाही मोडायला काढलेल्या प्रयोगात दोन घराणी समोरासमोर, यापेक्षा नियती जास्त काय लिहिणार? मेघे जिंकले. मग खऱ्या निवडणुकीत भाजपच्या रामदास तडसांनी त्यांना दोन लाखांहून अधिक मतांनी पाडलं. लातुरात दत्तात्रय बनसोडे प्रायमरी जिंकले आणि भाजपच्या सुनील गायकवाडांकडून अडीच लाखांनी हरले. ती लाटच अशी होती की प्रायमरीच काय, पीएचडी केलेला उमेदवारही वाहून गेला असता, त्यामुळे पराभवाचं खापर आम्ही प्रयोगावर फोडत नाही. दिल्लीत अजय माकन यांच्यासारखा केंद्रात मंत्री राहिलेला माणूसही प्रायमरी जिंकून पडला.

खरी गोष्ट पराभवानंतरची आहे. त्याच पावसाळ्यात दत्ता मेघे मुलांसह भाजपमध्ये गेले. प्रायमरी हरलेल्या टोकस काँग्रेसमध्ये थांबल्या, 2019 ला त्यांना उमेदवारी मिळाली, त्याही तडसांकडून हरल्या. म्हणजे पक्षाच्या लोकांनी ज्याला निवडलं तो काही महिन्यांत निघून गेला आणि जिला नाकारलं ती राहिली. पुढे 2024 ला वर्ध्याची जागा आघाडीत शरद पवारांच्या राष्ट्रवादीला सुटली. उमेदवार? काँग्रेसचे माजी आमदार अमर काळे, ऐन वेळी राष्ट्रवादीत घेतलेले. प्रायमरी नाही, लिफाफा नाही. ते जिंकले. या एका मतदारसंघाच्या दहा वर्षांत सगळ्या सिद्धांतांची वाट लागते, आमच्याही.

बडोद्याची कथा तर आणखी छोटी. तिथे नरेंद्र रावत प्रायमरी जिंकले. मग समोर नरेंद्र मोदी उभे राहणार हे जाहीर झालं. रावत बाजूला झाले, पक्षानं मधुसूदन मिस्त्रींना उभं केलं. थोड्या दिवसांची लोकशाही एका घोषणेत संपली.

परदेशातले दाखले द्यायची आपल्याकडे हौस आहे, तर एक देऊन टाकतो. 2009 मध्ये इंग्लंडात टॉटनेस मतदारसंघात हुजूर पक्षानं प्रत्येक मतदाराला, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, टपालानं मतपत्रिका पाठवली. सुमारे चौथा हिस्सा लोकांनी ती भरून परत केली. निवडून आल्या सारा वॉलस्टन, पेशानं डॉक्टर, स्पष्टवक्त्या. अगदी हवा होता तसा तगडा उमेदवार. इतका तगडा की खासदार झाल्यावर त्या पक्षालाही ऐकवू लागल्या आणि 2019 ला पक्ष सोडून गेल्या. आपल्या पक्षश्रेष्ठींनी ही गोष्ट वाचली असेल तर प्रायमरीचा विषय ते पुन्हा काढणार नाहीत.

कारण ‘तगडा उमेदवार’ या मागणीतच खोट आहे. पक्षाला तो दुपारी तीनपर्यंत तगडा हवा असतो: पैसा, गाड्या, पोरं, भावकी. निकाल लागला की तोच आज्ञाधारक हवा. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यानं सभागृहात व्हीप मोडला तर आमदारकी जाते. मग डोकं चालवणारा माणूस निवडून आणायचाच कशाला? 2022 आणि 2023 ला तर व्हीप कुणाचा, पक्ष कुणाचा, घड्याळ कुणाचं, धनुष्यबाण कुणाचा, हेच न्यायालयात गेलं. उमेदवार त्यामानानं किरकोळ बाब.

आता त्या दुसऱ्या ‘कदाचित’कडे. भाजपची मतपेटी भेगड्यांच्या बाजूनं उघडली असती आणि शेळके तरीही राष्ट्रवादीत गेले असते, तर? तर प्रायमरी फुकट. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत कायदाच असा आहे की प्रायमरी हरलेल्याला त्याच निवडणुकीत दुसऱ्या वाटेनं उभं राहता येत नाही. आपल्याकडे प्रायमरी मागणारे मतपेटी मागतात, हे बांधून घेणं मागत नाहीत. हरणारा थांबणार नसेल तर जिंकणाऱ्याला काही मिळालेलंच नसतं. आणि इथे थांबणार कुणी नाही, कारण शेजारच्या पक्षाच्या दारावर कायम पाटी असते: सक्षम उमेदवार पाहिजे, अनुभव दुसऱ्या पक्षाचा असल्यास प्राधान्य.

दुसरी अडचण मतदारयादीची. पक्षाचा सदस्य कोण? भाजपनं 2014 च्या अखेरीस मिस्ड कॉलवर सदस्य केले आणि कोट्यवधींचा आकडा सांगितला. बाकीचे पक्ष पावतीपुस्तकं वाटतात. ज्याच्या हाती पुस्तक त्याचे सदस्य, पैसेही तोच भरतो. अशा यादीवर उद्या देहूरोडात पक्षाची निवडणूक घेतली तर विकासनगरच्या एका खोलीतून चाळीस निष्ठावंत बाहेर पडतील आणि त्यांतल्या निम्म्यांना आपण कुठल्या पक्षाचे हे बाहेर आल्यावर कळेल. वर युती-आघाडीचा प्रश्न आहेच. सदस्यांनी मतदान करून माणूस निवडायचा आणि मुंबईत रात्री अकराला जागाच मित्रपक्षाला सुटायची. मावळात भाजपच्या सदस्यानं 2024 ला कितीही मतपत्रिका भरल्या असत्या, जागा त्याची नव्हतीच.

‘प्रायमरीनं गटबाजी वाढेल’ हा पुढाऱ्यांचा आक्षेप मात्र आम्ही ऐकूनही घेणार नाही. गटबाजी वाढायला आता जागा शिल्लक कुठे आहे?

आणि लोकांना जमणार नाही म्हणता? या पट्ट्यातल्या लोकांना? देहूरोडच्या डेपोत, ऑर्डनन्स फॅक्टरीत वर्क्स कमिटीला मतदान होतं. पिंपरी, आकुर्डी, चाकणच्या कारखान्यांत युनियनची निवडणूक म्हणजे गेटवर महिनाभर जत्रा: पॅनेल, चिन्ह, जाहीरनामा, गेटसभा. वेतनकरारात मागच्या कमिटीनं काय सोडलं, किती मिळवलं, त्याचा हिशेब शिफ्ट सुटल्यावर उभ्या-उभ्या मागितला जातो. उत्तर नाही आलं तर पॅनेल पडतं. पतपेढीला मतदान, हाउसिंग सोसायटीला मतदान. हाच माणूस एखाद्या पक्षाचं उपरणं वीस वर्षं गळ्यात घालून फिरतो, सतरंज्या उचलतो, बूथवर उन्हात बसतो, आणि आपला उमेदवार कोण हे त्याला टीव्हीवर खाली पळणाऱ्या पट्टीतून समजतं. आमच्या ओळखीच्या अशाच एका जुन्या कार्यकर्त्याला आम्ही विचारलं, ‘अण्णा, कधी राग येत नाही का?’ अण्णा म्हणाले, ‘राग येतो ना. पण तोवर पत्रकं वाटायला आलेली असतात.’

आम्हाला विचाराल तर मतपेटी नंतर ठेवा, आधी जाहीर हजेरी घ्या. तिकीट मागणाऱ्या सगळ्यांना एका मांडवात, आपल्याच पक्षाच्या सदस्यांसमोर उभं करा आणि एकच विषय द्या: रेड झोन. देहूरोडच्या दारूगोळा डेपोभोवतीचा 2000 यार्डांचा पट्टा. त्यात निगडी, तळवडे, किवळे भागांतल्या हजारो लोकांची घरं अडकली आहेत. ना कर्ज, ना परवानगी, ना विक्री. हद्द कशी मोजली, संरक्षण खात्याकडे काय मागणार, महापालिकेच्या हातात किती आणि दिल्लीच्या किती, हे प्रत्येकानं दहा मिनिटं कागद न बघता सांगायचं. ‘लवकरच मार्गी लावू’ म्हणणारा बाद. आमचा अंदाज आहे की अर्ज भरणाऱ्यांची संख्या एका आठवड्यात निम्म्यावर येईल आणि ढोलपथकं तर येणारच नाहीत. यानं तगडा माणूस मिळेलच असं नाही. पोकळ कोण ते मात्र पक्षाच्या लोकांना तीनच्या आधी कळेल, मतदारांना पाच वर्षांनी कळण्यापेक्षा बरं.

अर्थात, खुद्द आमच्या कॅन्टोन्मेंट बोर्डापुरता हा वाद संरक्षण मंत्रालयानं मुळापासून मिटवला आहे. बोर्डाची शेवटची निवडणूक जानेवारी 2015 मध्ये झाली. मुदत संपली, वाढवली, पुन्हा वाढवली, मग 2021 पासून लष्करी अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि एक नेमलेला नागरिक असा तिघांचा कारभार. फेब्रुवारी 2023 मध्ये देशातल्या 57 कॅन्टोन्मेंटच्या निवडणुका जाहीर झाल्या, मतदान 30 एप्रिलला. बाजारात लगबग सुरू झाली, पक्षांच्या कार्यालयांत अर्ज आले, फॉर्म कुणाला याची चर्चा रंगली. महिन्याभरात, मार्चमध्ये, निवडणूकच रद्द. देहूरोडात उमेदवारीवरून एकही बंडखोरी झाली नाही, कुणाचं तिकीट कापलं गेलं नाही, कुणी कुणाचा फॉर्म गिळला नाही. ‘भावी नगरसेवक’ असे फ्लेक्स मात्र वाढदिवसाला अजून लागतात.